नॉर्मल रिपोर्ट

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

औषध कंपन्यांचे एमआर दर वर्षी डायऱ्या देतात आणि मी त्या दर वर्षी गिऱ्हाइकांना वाटून टाकतो. ही एक मागे राहिली होती. दुपारी माझ्या औषधांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली असतं. लवू, म्हणजे दुकान उघडलं तेव्हापासूनचा माझा कुडाळचा माणूस, जेवून मागच्या खोक्यांवर आडवा होतो. मला हल्ली झोप येत नाही, म्हणून लिहायला घेतलं. घरी लिहिता येणार नाही, सुरुची लगेच विचारेल काय लिहिताय म्हणून.

तिची डोकेदुखी दिवाळीच्या आधीपासूनची. मी आधी पित्ताची गोळी दिली, मग सायनसची, मग मायग्रेनची. आमच्या बेव्हर्ली पार्कातले निम्मे लोक मला डॉक्टरच म्हणतात. समोरच्या विंगमधल्या हंसाबेन तर खऱ्या डॉक्टरची चिठ्ठी मला दाखवून विचारतात, "जितेंद्रभाई, आ बराबर छे ने?" आणि स्वतःच्या बायकोचं डोकं काही मला उतरवता येईना. लाज वाटते थोडी.

सुरुची घरी मराठीची शिकवणी घेते. इंग्रजी शाळांतली यूपीची, गुजरातची मुलं येतात. काल ती एका मुलीला ओरडली, ओळीवर ओळ का लिहिलीस म्हणून. मुलगी रडकुंडीला आली. वहीत एकच ओळ होती.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मंगळवारी सुरुचीला न्यूरॉलॉजिस्ट डॉ. वैतींकडे नेलं. बाई मूळच्या वरसाव्याच्या आहेत, बोलायला सरळ. त्यांनी सुरुचीला त्यांच्या बोटाकडे बघायला लावलं, एका रेषेत चालायला लावलं आणि लगेच एमआरआय सांगितला.

आज त्याचा रिपोर्ट आला. मेंदूत गाठ नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, तर बाई म्हणाल्या, "थांबा. मेंदूवर जे पातळ आवरण असतं ना, ते जागोजागी उजळलंय. कशामुळे, ते या फोटोवरून सांगता येत नाही."

"टीबी असेल," मी म्हटलं. आपल्याकडे आवरणाची सूज म्हटली की आधी टीबी. रोज टीबीची औषधं हाताखालून जातात माझ्या.

"असू शकतो. पण मला तसं वाटत नाहीये."

टीबी निदान औषधांनी बरा होतो, तोच असावा म्हणून मी घरी येऊन देवापुढे उभा राहिलो. कुणी बायकोसाठी टीबी मागत असेल असं मला वाटलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पाठीतून पाणी काढून तपासलं. टीबी सापडला नाही, दुसरंही काही सापडलं नाही. प्रोटीन मात्र वाढलेलं. बाईंना शंका आहे ती कॅन्सरची. फक्त आवरणात होणारा एक प्रकार असतो, लिम्फोमा. क्वचित होतो. पाण्यात दर वेळी पेशी सापडतातच असं नाही.

आता मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पेट-एमआरआय करायचा. दोन्ही तपासण्या एकाच मशीनमध्ये एकदम. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं: एमआरआय नकाशा काढतो, आणि पेट त्या नकाशावर दिवे कुठे लागलेत ते दाखवतं. साखरेसारखं औषध टोचतात. जिथे पेशी वखवखलेल्या असतात तिथे ते जास्त जातं. मग नेमका कुठला तुकडा काढून तपासायचा ते कळतं, उगाच भलत्या जागी सुरी लागत नाही. नंबर मात्र २ डिसेंबरचा मिळाला.

"तोवर काही द्यायचं नाही," बाई म्हणाल्या. "टीबीची औषधं नाहीत, आणि स्टिरॉइड तर अजिबात नाही. दुखण्याला मी लिहून दिलंय तेवढंच."

मी मान हलवली. सुरुची स्ट्रेचरवर पडून छताकडे बघत होती. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस तिने पाणीसुद्धा टिकवलं नाही. काल डावा डोळा पुरता नाकाकडे वळला. पाठीतून पायात कळा जातात. संचिता, आमची मुलगी, अंधेरीच्या ऑफिसातून येते ती थेट आईजवळ बसते. घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. बाईंच्या गोळ्यांनी काडीचा फरक नाही. फोन केला तर म्हणाल्या, फार झालं तर ॲडमिट करू, पण स्कॅनपर्यंत कळ काढा. कळ काढायची कुणी, तर हिने.

आज सकाळी मी तिला डेक्सा दिली. स्टिरॉइड आहे, मला माहीत आहे. पण दमा, सांधे, अंगावर उठलेलं पित्त, या गोळीवर निम्मं भाईंदर चालतं. मी स्वतः चिठ्ठीशिवाय किती जणांना दिली असेल. डॉक्टर लोकांना पुस्तकातलं सांगावं लागतं. चार दिवस दिली आणि स्कॅनच्या आधी कमी केली तर कुणाचं काय बिघडणार आहे?

तिने विचारलं, "डॉक्टर नको म्हणालेल्या ना?"

"त्या वेगळ्या. ही गॅसची आहे."

तिने गोळी तळहातावर ठेवून बघितली, एका डोळ्यावर हात ठेवून. एवढी वर्षं माझ्या दुकानात येते-जाते ती, कधीतरी काउंटरलाही उभी राहिलीय. "तुम्ही द्याल ते घेते," म्हणाली आणि गिळली.

२७ नोव्हेंबर, बुधवार

फरक पडला. दुसऱ्याच दिवशी उलटी थांबली, तिसऱ्या दिवशी डोळा बराचसा सरळ. काल तिने दोन पोळ्या खाल्ल्या आणि भाजीत मीठ कमी म्हणून मला ऐकवलं. आज शिकवणीची मुलं बोलावली. स्वयंपाकघरात उभं राहून मी तिचा आवाज ऐकत होतो, "ळ म्हणा, ल नाही." मला रडू आलं. पाणी प्यायला आलो होतो असं दाखवलं.

दुकानात लवूला म्हटलं, तुझ्या वहिनी बऱ्या आहेत. तो म्हणाला, "काय दिलंत?" मी म्हटलं, डॉक्टरांचंच चालू आहे. तो बरं म्हणाला आणि मागे माल लावायला गेला.

१ डिसेंबर, रविवार

चेण्याला नदीवर गेलो, तिघं. सुरुचीनेच हट्ट धरला. नदीकाठी दगडावर बसली, पाय पाण्यात. संचिताने फोटो काढले. परतताना घोडबंदर रोडला हॉटेलात तिने सुरमई मागवली, वर सोलकढी. भूक फार लागते म्हणते. चेहरा थोडा भरल्यासारखा दिसतोय, संचितालाही तसं वाटलं. "आई, तू चक्क गोल झालीस," म्हणाली.

वरसाव्याच्या सिग्नलला गाडी अडकली होती तेव्हा सुरुची अचानक म्हणाली, "अहो, उद्या त्यांनी विचारलं तर?"

"काय विचारलं तर?"

"काही नाही," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मशीनची भीती वाटत असेल. गोळी आज अर्धीच दिली.

२ डिसेंबर, सोमवार

स्कॅन झाला. उपाशीपोटी नेलं होतं. टेक्निशियनने बोटातून रक्त काढून साखर बघितली. "शुगर थोडी ऊपर है. डायबिटीस है क्या?"

"टेन्शन है," मी म्हटलं.

"कोई दवाई? स्टिरॉइड वगैरा?"

सुरुचीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नहीं." एवढंच. मग तिला औषध टोचून एका खोलीत एकटीला गप्प बसवून ठेवलं. बोलायचं नाही, हालचाल करायची नाही. काचेतून मला तिची पाठ तेवढी दिसत होती.

४ डिसेंबर, बुधवार

रिपोर्ट नॉर्मल.

पुन्हा लिहितो, बरं वाटतं. रिपोर्ट नॉर्मल. नकाशावर एकही दिवा नाही. आवरण आधी उजळलं होतं तिथेही आता काही नाही. मी हॉस्पिटलच्या जिन्यातच संचिताला फोन लावला आणि दोघंही रडलो. येताना पेढे घेतले. काउंटरवर येईल त्याला एकेक दिला. हंसाबेननी दोन घेतले, एक देवाला.

डॉ. वैतींना मात्र आनंद झालेला दिसला नाही. दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून बसल्या. "असं आपोआप जात नाही," म्हणाल्या. "काही घेतलं होतंत?"

मी नाही म्हटलं. सुरुची पर्सची चेन लावत होती.

"मग तुकडा तरी कुठून घेऊ?" बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. काही माणसांना चांगली बातमीही पचत नाही. व्हायरल असेल, आलं तसं गेलं. शरीर आहे, मशीन नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

गोळी हळूहळू कमी करून परवा बंद केली. अचानक बंद करायची नसते, तेवढं मला कळतं. सुरुची ठीक आहे. जरा थकलीय.

२९ डिसेंबर, रविवार

पुन्हा सुरू झालं. या वेळी जास्त. चेहऱ्याची उजवी बाजू ओघळली आहे, चहा ओठातून गळतो. उजव्या कानाने ऐकू येत नाही म्हणते. काल बाथरूममधून येताना पाय मुडपले आणि ती खाली बसली. मी उचलायला गेलो तर म्हणाली, "थांबा, मला जरा इथेच बसू द्या." दोघंही ओल्या फरशीवर बसलो.

३१ डिसेंबर, मंगळवार

डॉ. वैतींकडे. संचिता सोबत होती.

बाईंनी सगळं तपासलं आणि खुर्ची सुरुचीच्या समोर ओढून बसल्या. आवाज चढवला नाही. "हे बघा, मी पोलीस नाही. स्कॅनच्या आधी स्टिरॉइड पोटात गेलं होतं का? मला माहीत असणं गरजेचं आहे. हा कॅन्सर असा आहे की त्या गोळीने काही दिवस विरघळतो. स्कॅनमधून पुसला जातो. तुकडा काढला तरी त्यात काही सापडत नाही. बरा होत नाही, फक्त दिसेनासा होतो."

मी बोलणारच होतो. खरंच बोलणार होतो.

"मी घेतल्या," सुरुची म्हणाली. ओठ नीट हलत नव्हते, तरी स्पष्ट. "दुकानातून आणून ठेवलेल्या. सहन होत नव्हतं. यांना माहीत नाही."

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ. मग म्हणाल्या, "ठीक आहे. आता एकही नाही. दिवे पुन्हा लागायची वाट बघायची आहे. त्रास वाढेल. पण दिसल्याशिवाय मी धरू शकत नाही."

ती असं का म्हणाली? तिनेही एखादी परस्पर घेतली असेल का? दुकानाची किल्ली घरात खुंटीलाच असते. वेदना असताना माणूस काहीही करतो. विचारलं पाहिजे, पण आज नको.

५ जानेवारी २०२५, रविवार

संचिता आईला बोलली. मी स्वयंपाकघरात पेज करत होतो.

"काय गरज होती तुला? पप्पा तुझ्यासाठी वणवण करतायत, दुकान लवूकाकांवर टाकून. आणि तू गुपचूप गोळ्या खातेस. महिना गेला आई. तुझ्यामुळे महिना गेला आपला."

मी पेज ढवळत राहिलो. आत जायला हवं होतं, हे कळत होतं. पेज खाली लागली.

नंतर वाटी घेऊन गेलो तर सुरुची म्हणाली, "करपलीय." तरी संपवली.

१२ जानेवारी, रविवार

हे लिहवत नाही. पण दुसरं कुणाला सांगू?

रोज सकाळी ती कण्हते आणि मला माहीत असतं की माझ्या दुकानात, डाव्या हाताच्या खणात, तिला उठवून बसवणारी गोळी आहे. आणि ती द्यायची नाही. आजार वाढायची वाट बघायची. रोज मी तिचा चेहरा बघतो, आणखी ओघळला का? ओघळला की वाईट वाटतं आणि आतून कुणीतरी म्हणतं, चला, दिसायला लागेल. असा नवरा कुठे असतो?

तिने एकदाही गोळी मागितली नाही. मागितली असती तर मी दिली असती, हे तिला ठाऊक असावं. उगाच वाटतं.

काल एकाने काउंटरवर विचारलं, "भाई, वो डेक्सा का एक पत्ता देना, घुटने का." मी म्हटलं, चिठ्ठी लाओ. तो म्हणाला, "पहले तो ऐसे ही देते थे." लवू माझ्याकडे बघत होता. त्याला सांगितलं, आजपासून चिठ्ठीशिवाय नाही. तो म्हणाला, "बरा जाला."

२१ जानेवारी, मंगळवार

दुसरा पेट-एमआरआय. टेक्निशियन तोच. कोई दवाई, म्हणून विचारलं, नाही म्हटलं, आणि या वेळी ते खरं होतं.

संध्याकाळी बाईंनी संगणकावर दाखवलं. आधी नुसता एमआरआय, राखाडी. मग त्यावर पेट चढवलं आणि सगळीकडे केशरी पेटलं. मेंदूच्या तळाशी, कानाकडे जाणाऱ्या नसांवर, खाली कमरेत नसांचा जुडगा असतो त्यावर. कमरेतला सगळ्यात ठळक. "इथे," बाईंनी पेनचं टोक ठेवलं. "इथून घेते. आता चुकणार नाही."

मला आनंद झाला. आनंदच, दुसरा शब्द नाही. बायकोच्या अंगभर कॅन्सर पेटलेला बघून मला नाचावंसं वाटलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

तुकडा काढला, तपासला. लिम्फोमाच. फक्त आवरणातला, बाई म्हणाल्या तोच दुर्मिळ. औषध आहे. पाठीतून आणि शिरेतून दोन्हीकडून देतात. पहिला डोस झाला. आवरणातला आजार बऱ्यापैकी हटेल असं म्हणतात. किती काळ, ते सांगत नाहीत.

मी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, "डिसेंबरात कळलं असतं तर?"

"कानांचं सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "पाय बहुतेक राहिले असते."

आता तिला दोन्ही कानांनी काहीच ऐकू येत नाही. कमरेखाली ताकद नाही. डोकं मात्र लख्ख आहे. शिकवणीचा छोटा पांढरा फळा पलंगाशी ठेवलाय, त्यावर आम्ही लिहितो. शुद्धलेखन चुकलं की मार्कर काढून दुरुस्त करते.

९ फेब्रुवारी, रविवार

आज दुकान बंद होतं, पण मी इथे येऊन बसलोय. घरी बसवेना.

सकाळी संचिता आईचे केस विंचरत होती. केस कंगव्यात येतात आता. तिने कंगवा साफ केला आणि मला म्हणाली, "पप्पा, मी आईला फार बोलले तेव्हा. सॉरी म्हणायचंय, पण गोळ्यांचा रागच जात नाही. फळ्यावर सॉरी लिहिते आणि पुसून टाकते."

सुरुची आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती, उशीला टेकून. एकदा माझ्या तोंडाकडे बघत होती, एकदा तिच्या.

मी म्हटलं, "गोळ्या मी दिल्या होत्या."

संचिताला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर नको म्हणाल्या होत्या ते, गॅसची म्हणून दिली ते, टेक्निशियनला नाही म्हटलं ते. डॉक्टरांसमोर आई बोलली तेव्हा मी गप्प बसलो ते. स्वयंपाकघरात ढवळत उभा होतो, तेही. बोलताना माझ्या लक्षात आलं की सुरुचीने एकही गोळी परस्पर घेतली नव्हती, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

संचिताने कंगवा खाली ठेवला. मग म्हणाली, "मी तिला काय काय बोलले. आणि आता तिला ऐकूच येत नाही." तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्या मांडीला ते कळत नाही हे बहुधा विसरली. मी उभाच होतो. फळा उचलला आणि मार्कर शोधायला लागलो.

सुरुचीने हात पुढे करून माझा हात खाली दाबला. कान गेल्यापासून ती मोठ्याने बोलते, शेजारी ऐकू जाईल इतकं.

"सांगितलंत वाटतं," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"बरं केलंत," ती म्हणाली. "मला एकटीला जड जात होतं."